जुन्या मस्टँगच्या टाकीचे सेंडिंग युनिट: टाकी एकदाच उघडायची असेल तर

जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा बिघडला की बहुतेक जण आधी सेंडिंग युनिट, म्हणजे टाकीतली पातळी काट्याला कळवणारा भाग, मागवतात आणि बिघाड मागाहून शोधतात. मग टाकी रिकामी करून, गाडीखाली पाठ घासून नवे युनिट बसवतात, चावी फिरवतात, तरी काटा जागचा हलत नाही. कारण दोष टाकीत नसतोच. तो डॅशबोर्डमागे किंवा डिकीतल्या गंजलेल्या बोल्टापाशी असतो. या कामात टाकी उघडणे हाच सर्वांत कटकटीचा आणि धोक्याचा भाग आहे. म्हणून जे काही तपासायचे ते टाकी बंद असतानाच तपासून घ्या.

पुढचे सगळे १९६५ आणि १९६६ च्या फोर्ड मस्टँगसाठी लिहिले आहे. अमेरिकेतल्या आपल्या लोकांनी हौसेने जुनी गाडी घ्यायची म्हटले तर हिचा नंबर बराच वर लागतो, आणि हिचे भाग आजही नवे बनतात. जाता जाता, चॅसिस नंबरातले दुसरे अक्षर पाहून ठेवा, गाडी कुठल्या कारखान्यातली ते त्यावरून कळते. एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे आणि टी म्हणजे मेटचेन. हा मेटचेनचा कारखाना न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये होता. एडिसनमध्ये राहणाऱ्या कित्येक मराठी घरांना माहीतही नसते की या गाड्या आपल्याच गावात बनत होत्या.

काटा कशाच्या जोरावर हलतो

टाकीत तारेच्या दांडीला एक पोकळ पितळी फ्लोट असतो. छतावरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा तो पेट्रोलबरोबर वरखाली होतो, फक्त नळ बंद करण्याऐवजी तो रेझिस्टन्सच्या वेटोळ्यावरून एक पत्ती सरकवतो. फोर्डच्या या युनिटचा रेझिस्टन्स टाकी रिकामी असताना साधारण ७३ ओम (ओम हे रेझिस्टन्सचे एकक) आणि भरलेली असताना १० ओम असतो. अर्ध्या टाकीचा आकडा या दोन्हींच्या बरोबर मध्ये येत नाही, तो बराच खालच्या बाजूला झुकतो. त्यामुळे मध्ये चाळीसच्या जवळपास आकडा दिसला नाही म्हणून घाबरू नका.

डॅशबोर्डवरच्या गेजमध्ये तापली की वाकणारी दुहेरी धातूची पट्टी असते. जास्त करंट गेला की पट्टी जास्त तापते आणि काटा वर चढतो. म्हणून हा काटा सावकाश हलतो. चावी फिरवल्यावर त्याला स्थिर व्हायला वेळ लागतो आणि वळणावर पेट्रोल हिंदकळले तरी तो नाचत नाही. मात्र या गेजला बॅटरीचे १२ व्होल्ट सोसत नाहीत. मीटरच्या पाठीमागे एक छोटा रेग्युलेटर असतो. तो करंट सतत तोडत-जोडत सरासरी ५ व्होल्ट देतो. अल्टरनेटरचा रेग्युलेटर वेगळा, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही गेज या एकाच मीटरमागच्या रेग्युलेटरवर चालतात, आणि निदान करताना याचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

टाकी न उघडता निदान

इंजिन गरम झाल्यावर दोन्ही काटे पाहा. दोन्ही एकाच दिशेने चुकत असतील, म्हणजे दोन्ही फार वर किंवा दोन्ही मेलेले, तर टाकीकडे जाऊच नका. दोष रेग्युलेटरचा किंवा त्याच्या अर्थचा (गाडीच्या पत्र्याशी असलेल्या विजेच्या जोडणीचा) आहे. हा रेग्युलेटर ज्या स्क्रूने मीटरच्या डब्याला बसवलेला असतो त्याच स्क्रूतून त्याला अर्थ मिळतो. स्क्रू सैल झाला तर रेग्युलेटर तोडत-जोडत नाही, सरळ १२ व्होल्ट पुढे सोडतो आणि दोन्ही गेज जळू शकतात. काटे वरच्या टोकाच्या पलीकडे जाऊन टेकलेले दिसले तर चावी लगेच बंद करा.

तापमानाचा काटा ठीक आहे आणि फक्त पेट्रोलचाच बिघडला आहे, असे असेल तर गाडीखाली जा. युनिट टाकीच्या पुढच्या उभ्या बाजूला, मागच्या ॲक्सलकडे तोंड करून असते. त्याच्या टोकावर रबरी टोपीत बसवलेली एकच वायर येते, पिवळ्या रंगाची आणि पांढऱ्या रेघेची. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, ही वायर ओढून सोडवा आणि मल्टिमीटर ओमवर लावून एक पिन युनिटच्या टोकाला, दुसरी टाकीच्या उघड्या धातूला टेकवा.

आकडा टाकीतल्या पेट्रोलाशी जुळणारा असेल तर युनिट निर्दोष आहे. मीटरने अनंत दाखवले तर वेटोळे तुटले आहे किंवा पत्ती टेकत नाही. टाकी अर्धी असूनही सत्तरीच्या आसपास दिसते म्हणजे फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडाला आहे किंवा दांडी अडकली आहे. जवळजवळ शून्य आले तर आत शॉर्ट आहे. पिन टेकवायच्या आधी दोन्ही पिन एकमेकींना लावून मीटरच्या तारांचाच रेझिस्टन्स किती तेही पाहून घ्या. दहा ओमच्या हिशेबात अर्धा ओमसुद्धा मोजावा लागतो.

मग युनिटची बॉडी आणि गाडीचा घासून उजळलेला पत्रा यांच्यामध्ये मोजा. इथे एक ओमपेक्षा कमी यायला हवे. जास्त आले तर बॉडी अर्थ कच्चा आहे. मस्टँगमध्ये टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो. टाकी वरून खाचेत बसवून कडेने बोल्ट मारलेले असतात, आणि फटीत सील लावलेले असते. सगळा अर्थ त्या बोल्टांतून जातो. कुणी टाकी बदलून तिला जाड रंग दिला असेल तर हा दोष हमखास सापडतो. एक बोल्ट काढा, त्याखालचा पत्रा उजळा, गोल टर्मिनल लावलेली वायर तिथे कसून दुसरे टोक बॉडीला द्या. अनेकदा काम इथेच संपते.

उरली वायर आणि गेज. त्यासाठी दुकानातून दोन रेझिस्टर आणा: एक १० ओमचा आणि एक ७५ ओमचा. दोन्ही पाच वॅटचे घ्या, पाव वॅटचे जळतील. बॅटरी जोडा, सोडवलेल्या वायरला १० ओमचा रेझिस्टर लावून त्याचे दुसरे टोक अर्थला द्या, चावी फिरवा आणि मिनिटभर थांबा. काटा ‘एफ’पाशी (फुल) यायला हवा. ७५ ओम लावल्यावर तो ‘ई’पाशी (एम्प्टी) उतरायला हवा. दोन्ही ठिकाणी बरोबर आला तर गेज, वायर आणि रेग्युलेटर हे तिन्ही निर्दोष. वायर सरळ अर्थला टेकवून काटा वर चढतो का हे पाहण्याची जुनी रीत आहे. तसे केलेच तर काटा हलू लागताच वायर काढून घ्या, धरून ठेवू नका.

रेग्युलेटरचे व्होल्टेज डिजिटल मीटरने मोजायला गेलात तर आकडा वेड्यासारखा नाचेल. तो नाचतो आहे म्हणजे रेग्युलेटर जिवंत आहे. स्थिर १२ किंवा स्थिर शून्य दिसले तर तो गेला. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवणे मला जास्त पटते. बाहेरून जुन्यासारखाच दिसणारा मिळतो, आणि मूळपणाचा आग्रह धरणाऱ्यांनाही मीटरच्या पाठीमागे डोकावता येत नाही.

एक वेगळी तक्रारही शेवटी याच युनिटपाशी येते. काटा उत्तम आहे, पण चढावर किंवा वेग वाढवताना इंजिन अडखळते. पेट्रोल ओढून घेणारी नळी याच युनिटला जोडलेली असते आणि तिच्या टोकावर जाळीचा मोजा, म्हणजे गाळणी, असतो. तो गाळाने भरला किंवा कुजून गळून पडला तर युनिट काढावेच लागते.

नवीन युनिट हाती आल्यावर

ते टाकीत घालण्याआधी टेबलावर मोजा. दांडी अगदी खाली ७३ च्या आसपास, अगदी वर १० च्या आसपास, आणि मध्ये हळूहळू सरकवताना आकडा कुठेही तुटता कामा नये. एखाद्या जागी मीटर अनंतावर उडी मारत असेल तर युनिट परत पाठवा. पेट्रोलात बुडाले म्हणून ते सुधारत नाही.

ओमची जात तपासणे फार महत्त्वाचे आहे. ६०–७० च्या दशकांतल्या जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांचे युनिट रिकाम्याला शून्य आणि भरल्याला ९० ओम देते, म्हणजे दिशाच उलटी. बाजारातल्या वेगळ्या गेजबरोबर येणारे युनिट २४० ते ३३ ओमचे असू शकते, तर युरोपीय व्हीडीओ (VDO) कंपनीचे बरेचसे १० ते १८० चे. बाहेरून सगळी भावंडेच वाटतात.

जुने निघाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून नळीची लांबी, दांडीचा बाक आणि बाहेरच्या नळीची जाडी जुळवा. साध्या मस्टँगला ही नळी ५/१६ इंचाची असते. टाकी उघडण्याआधीच नव्या युनिटची एक चाचणी गाडीवरही घ्या: मूळ वायरला लांब जंपर (चिमटे लावलेली तार) लावून ते युनिटच्या टोकाला द्या, दुसऱ्या जंपरने युनिटच्या बॉडीला अर्थ द्या आणि दांडी हाताने वरखाली करून प्रत्येक वेळी मिनिटभर काटा पाहा. ठिणगीचा संभव असलेली ही शेवटची गोष्ट. यानंतर बॅटरीची केबल काढायची ती काम संपेपर्यंत जोडायची नाही.

पेट्रोल काढणे

शक्य असेल तर आधीच गाडी चालवून टाकीतले पेट्रोल कमी करा. टाकी १६ गॅलनची, म्हणजे साधारण ६० लिटरची आहे, आणि युनिट तिच्या उभ्या बाजूला असल्यामुळे पेट्रोल त्या भोकाच्या खाली गेल्याशिवाय ते काढताच येत नाही.

काम उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांत गॅसवर चालणारा पाण्याचा हीटर गॅरेजातच असतो आणि त्याची ज्योत जमिनीपासून फार उंच नसते. दार उघडे ठेवले म्हणजे झाले, असे मानू नका. गाडी ढकलत बाहेर न्या. ड्राय पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, साध्या बल्बचा लोंबता दिवा नको, सगळीकडून बंद असलेला एलईडीचा टॉर्च वापरा. चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे हवेतच. गाडीखाली पडून काम करताना पेट्रोल थेट चेहऱ्यावर येते.

पुढच्या चाकांना उटी (अडसराचे ठोकळे) लावा, मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर विसंबून खाली जाऊ नका. सायलेन्सर पूर्ण थंड झालेला असू दे.

टाकीला ड्रेन प्लग असेल तर तो वापरा, पण काही टाक्यांना तो नसतो. मग युनिटच्या नळीवरचा रबरी होज काढून त्या जागी लांब होज लावा आणि तो खाली ठेवलेल्या कॅनमध्ये सोडा. पेट्रोलची पातळी नळीच्या वर असेल तर धार आपोआप सुरू होते आणि सायफनने टाकी जवळजवळ तळापर्यंत उतरते. नसेल तर हातपंप लावा. तोंडाने ओढणे हा आपल्याकडचा जुना उपाय फुप्फुसांवर बेतू शकतो. व्हॅक्युम क्लीनर लावणे तर स्वतःहून आग लावण्यासारखेच. कॅन जमिनीवरच ठेवा, पिकअपच्या प्लास्टिक लायनरवर किंवा गालिच्यावर नको. स्थिर विजेची ठिणगी तिथेच पडते.

रिंग फिरवणे

युनिट धरून ठेवणारी एक रिंग असते, तिच्या कडेला कान असतात. आदल्या रात्री तिच्या खाचांत गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी आधी ब्रशने आजूबाजूची माती आणि गंज पूर्ण साफ करा, नाहीतर पहिल्या ठोक्यालाच ते सगळे टाकीत पडेल. या रिंगसाठी खास पाना मिळतो. तो नसेल तर पितळी दांडा आणि छोटी हातोडी घ्या. लोखंडी छिन्नी नको, तिने ठिणगी पडते. कानावर आळीपाळीने हलके ठोके देत रिंग घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. एकाच कानावर जोर दिलात तर तो वाकेल. रिंग साधारण पाव फेरीत सुटते.

युनिट सरळ ओढू नका. फ्लोट आणि दांडी भोकातून वळवून, तिरपे करत बाहेर काढावी लागते. उरलेले पेट्रोल सांडेल, त्यासाठी खाली पसरट ट्रे ठेवा. जुना गॅस्केट (गळती रोखणारी रबरी चकती) युनिटबरोबर आला का ते पाहा. टाकीच्या खाचेत चिकटून राहिला आणि नवा त्याच्यावर बसवला तर गळती नक्कीच. आधीच्या कुणी दोन गॅस्केट लावल्याचेही सापडते.

हात आखडत असेल किंवा ॲक्सल आड येत असेल तर सरळ टाकीच काढा, मला तरी तेच बरे वाटते. डिकीत फिलर नळीचा होज आणि क्लॅम्प सोडवा, मागच्या पॅनेलवरचे स्क्रू काढून नळी बाहेर ओढा, खालून वायर आणि होज सोडवलेलेच आहेत, मग कडेचे बोल्ट काढून टाकी डिकीतून वर उचला. रिकामी टाकी जड नसते. उलट वाफेने भरलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, हे तिला घराबाहेर कुठे ठेवायचे ते ठरवताना लक्षात असू दे.

भोकातून आत प्रकाश टाका. तळाला लालसर चिखल, खवले किंवा जुन्या वार्निशसारखा उग्र वास आला तर नवे युनिट त्यात घालू नका. जाळीचा मोजा काही दिवसांत तुंबेल. या गाडीच्या नव्या टाक्या सहज मिळतात, गंजलेली टाकी धुवून अस्तर लावण्यापेक्षा नवी घेणे शहाणपणाचे. टाकीला छोटे भोक पडले म्हणून स्वतः वेल्डिंग करायला तर कधीच जाऊ नका.

जुना फ्लोट बुडाला होता का, ते कानाशी हलवून कळते. आत पेट्रोल खळखळते. गरम पाण्यात दाबून धरला तर चिरेतून बुडबुडे येतात. मात्र त्याला डाग देत (सोल्डर करत) बसू नका; आत पेट्रोल राहिले असेल तर उष्णतेने तो फुटू शकतो. नवा स्वस्त असतो.

बसवणे आणि काटा जुळवणे

टाकीची खाच कापडाने कोरडी आणि गुळगुळीत करा. गॅस्केट पेट्रोल आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा हवा. अमेरिकेत बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असते आणि जुन्या साठ्यातला मूळ गॅस्केट त्यात फुगतो. नेहमीचा सिलिकॉन लावू नका, पेट्रोलात तो सुटून येतो आणि त्याचे तुकडे कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचतात. चांगल्या गॅस्केटला काहीच लावावे लागत नाही.

युनिट तिरपे करत आत घाला आणि त्याच्या कडेची खूण टाकीच्या खाचेशी जुळवा. ती चुकली तर फ्लोट टाकीच्या भिंतीला घासतो. दांडी हलत असल्याचे जाणवले की एका हाताने युनिट दाबून धरा आणि रिंग घड्याळाच्या दिशेने थांब्यापर्यंत ठोका. होज नवा लावा, इंधनाचाच, आणि क्लॅम्पही नवे. वायर जोडण्याआधी पुन्हा एकदा ओम मोजा: रिकाम्या टाकीत ७३ च्या आसपास आलेच पाहिजे.

मग दोन गॅलन पेट्रोल घाला आणि रिंगभोवती कोरडा कागद फिरवून ओल येते का पाहा. ओल नाही असे दिसल्यावर बॅटरी जोडा. गाडी सपाट जागी उभी करून दोन-दोन गॅलन घालत जा आणि प्रत्येक वेळी काटा स्थिर झाल्यावर कुठे आहे ते कागदावर टिपून ठेवा. टाकी पूर्ण भरल्यावर गळती पुन्हा पाहा, कारण दाब तेव्हाच सर्वांत जास्त असतो. दुसऱ्या दिवशीही पाहा. डिकीत पेट्रोलचा वास आला तर आधी फिलरच्या होजचा संशय घ्या. बसण्याची जागा आणि डिकी यांच्यामध्ये या गाडीत लोखंडी भिंत नसते, वास थेट मागच्या सीटवर येतो.

नव्या बनावटीची युनिटे थोडी चुकीचे दाखवतात, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. काटा ‘ई’वर असताना टाकीत दोन गॅलन शिल्लक असतील तर काही करू नका, काट्याने खोटे बोलायचेच तर ते याच बाजूने बोलावे. पाव टाकी दाखवत असताना गाडी बंद पडत असेल तर मात्र युनिट काढून दांडी वाकवावी लागेल. फ्लोट दांडीच्या मानाने वर वाकवला की त्याच पातळीला दांडी खाली राहते आणि काटा कमी दाखवतो. खाली वाकवला तर जास्त दाखवतो. अगदी थोडे वाकवा, पक्कडने वेटोळ्याच्या डब्यावर ताण येऊ देऊ नका, आणि फ्लोट तळाला किंवा छताला टेकत नाही ना हे मापून घ्या.

पद्मिनी किंवा अँबॅसडर असेल तर

हीच रीत चालते, फक्त वरचे आकडे गृहीत धरू नका. या गाड्यांमध्ये इतक्या वर्षांत कुणी कुठले गेज आणि कुठला फ्लोट बसवला असेल सांगता येत नाही. आधी गेजची दिशा ओळखा. टाकीवरची वायर काढून चावी फिरवा. काटा रिकाम्याला गेला आणि वायर क्षणभर अर्थला टेकवल्यावर वर सरकला, तर तो मस्टँगच्याच दिशेचा. उलटे झाले, म्हणजे वायर सुटी असताना काटा भरल्याला आणि अर्थला लावल्यावर रिकाम्याला, तर त्याला ओम वाढत जाणारे युनिट लागते. मग जुन्या युनिटची दांडी वर आणि खाली करून दोन्ही आकडे लिहून घ्या. जुने पूर्ण मेलेले असेल तर वेगवेगळे रेझिस्टर लावत कोणत्या ओमला काटा दोन टोकांना पोहोचतो ते शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे मूठभर रेझिस्टर चहाच्या पैशांत मिळतात.

ते दोन आकडे खिशात ठेवूनच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जा आणि मल्टिमीटर बरोबर न्या. दुकानदार ‘साहेब, सगळ्यांना हाच बसतो’ म्हणेल. काउंटरवरच दांडी वरखाली करून मोजा, आणि गॅस्केट मात्र नवाच मागा. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले आहे. कपाटात वर्षानुवर्षे पडलेला रबर त्यात टिकत नाही.